टॅरो शिकताना गाडी कुठे अडते?

टॅरो शिकायला माझ्याकडे येणाऱ्यांच्या वह्या मी आवर्जून बघते. पहिली काही पानं सगळ्यांची सारखीच असतात. डावीकडे पत्त्याचं नाव, उजवीकडे पत्त्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतून उतरवलेले शब्द: नवी सुरुवात, साहस, भोळेपणा. वीस-बावीस पत्त्यांपर्यंत अक्षर सुबक असतं, मग ते धावतं होतं, आणि चाळिसाव्या पत्त्याच्या आसपास वही थांबते. मग कुणी म्हणतं, ‘माझं पाठांतरच कच्चं.’ कुणी म्हणतं, ‘मला ती आतली जाणीव नाहीये.’ पण वहीत शोधायला गेलं तर पत्त्यावरच्या चित्राबद्दल एकही ओळ सापडत नाही. गाडी अडते ती तिथे. चित्र बघायच्या आधीच आपण पुस्तिकेकडे धावतो.

मी स्वतः पहिलं दीड वर्ष असंच घालवलं. म्हणून अडचणी ज्या क्रमानं येतात, साधारण त्याच क्रमानं पुढे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. पत्त्यांत आपलं भविष्य लिहून ठेवलेलं असतं असं मी मानत नाही. अडलेल्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूनं बघायला लावणारं ते साधन आहे, आणि त्या कामी ते फार चांगलं आहे. तुमची श्रद्धा वेगळी असेल तरी शिकण्याची रीत हीच राहील.

पहिला कॅट

टॅरोच्या एका कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यांतले २२ मोठे, म्हणजे मेजर आर्काना, आणि ५६ छोटे, म्हणजे मायनर आर्काना. कॅट घेताना एकच गोष्ट तपासा: छोट्या पत्त्यांवरही माणसांची, प्रसंगांची चित्रं आहेत का? जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये पाच पेल्यांच्या पत्त्यावर नुसते पाच पेले मांडलेले असतात, आपल्या बदाम पंजीवर पाच बदाम असावेत तसे. तो कॅट सुंदर आहे, पण नवशिक्याला त्यातून काही उलगडत नाही.

१९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनानं एक कॅट काढला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पामेलानं सगळ्या ५६ छोट्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले, आणि त्यामुळे टॅरो शिकणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. तिला मोबदला फार थोडा मिळाला. कॅट बरीच वर्षं प्रकाशक आणि वेट यांच्याच नावानं ओळखला गेला. आता ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणतात. तुम्हीही तिचं नाव घेत चला. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात वळणावळणाची एक छोटी सही दिसते, ती तिची. हा कॅट किंवा त्याच्याच चित्रांवर बेतलेला कुठलाही कॅट घ्या. ऑरॅकल कार्ड्स म्हणून जे मिळतं त्यात पत्त्यांची संख्या आणि रचना ज्याची त्याची असते, त्यातून टॅरो शिकता येत नाही. क्राउली आणि फ्रिडा हॅरिस यांचा थॉथ कॅट वर्ष-दोन वर्षांनी बघा.

‘पहिला कॅट स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो’ असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. असा काही नियम नाही. स्वतः जाऊन, हातात घेऊन, चित्रं आवडली तरच घ्या.

‘हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे’ हेही ऐकाल. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले आणि पुढची तीनेकशे वर्षं मुख्यतः डाव मांडण्यासाठीच वापरले गेले. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानानं ते इजिप्तच्या पुरोहितांचं पुस्तक असल्याचं लिहिलं. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियाँनं उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे जेबलँ लिहीत होता तेव्हा ती कुणालाच वाचता येत नव्हती. इजिप्तचा खरा धागा निराळाच आहे. इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या होत्या, आणि टॅरोचे चार रंग त्यांच्याच वंशातले. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातल्या मामलुक कॅटवर ‘गंजिफा’ हा शब्दही आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात लाखकाम केलेला दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिला असेल, दहा रंगांचे १२० गोल पत्ते, त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. मला या गोष्टीनं फार धीर दिला होता. पत्ते परक्या गूढ देशातून आलेले नाहीत, आपल्याही घरात त्यांचे चुलतभाऊ आहेत.

७८ पत्ते पाठ करू नका

लहानपणी बदाम सात खेळताना आपण ५२ पत्ते कधी पाठ केले का? रंग आणि आकडा कळला की पत्ता कळतो. इथेही तसंच आहे. चार रंग असे धरा: काठ्या म्हणजे उमेद, हालचाल, कामाचा जोश. पेले म्हणजे भावना आणि नाती. तलवारी म्हणजे विचार, शब्द, वाद. नाणी म्हणजे पैसा, शरीर, घर, हातचं काम. पुस्तकांत यांना वँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स म्हणतात. मी मराठीच वापरते, आणि आकड्यांनाही आपलेच शब्द: दुर्री, तिर्री, पंजी, दश्शी.

आता चारही पंज्या शेजारी शेजारी मांडा. काठ्यांच्या पंजीत पाच पोरं काठ्या घेऊन एकमेकांशी भिडली आहेत. पेल्यांच्या पंजीत काळा झगा पांघरलेला माणूस सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभा आहे. तलवारींच्या पंजीत एक जण तलवारी गोळा करून कुत्सित हसतोय आणि दोघं पाठ फिरवून चालले आहेत. नाण्यांच्या पंजीत बर्फात दोन गरीब, एकाला कुबड्या, आणि त्यांच्या डोक्यावर उजेडाची रंगीत खिडकी. चारही ठिकाणी काहीतरी बिनसलंय: कामात, मनात, बोलण्यात, खिशात. एवढं दिसलं की चार पत्ते आले, आणि पाठ काहीच केलं नाही. रोज एक आकडा असा मांडा. दहा दिवसांत चाळीस पत्ते ओळखीचे होतात.

उरतात सोळा चित्रपत्ते, आणि नवशिक्यांची खरी दमछाक इथेच होते. आपल्या कॅटमध्ये गुलाम, राणी, राजा. इथे गुलामाच्या ठिकाणी दोघं आहेत: पेज म्हणजे शिकाऊ पोरगा आणि नाइट म्हणजे घोडेस्वार. प्रश्न पडतो, हा पत्ता म्हणजे कुणी माणूस समजायचं, की स्वभाव, की सल्ला? सुरुवातीला स्वभावच धरा. शिकाऊ पोरगा नुकतं बघायला लागलाय, घोडेस्वार धावतोय, राणी सांभाळतेय, राजा निर्णय देतोय. घोडेस्वारांच्या बाबतीत तर फक्त घोडे बघा. तलवारींचा घोडा भरधाव सुटलाय, काठ्यांचा पुढचे पाय उचलून उधळलाय, पेल्यांचा डौलात चाललाय, नाण्यांचा जागचा हललेला नाही. यावर आणखी वेगळं शिकवायला फारसं उरत नाही.

मग हे सोळा जण आपल्या ओळखीच्या माणसांना वाटून टाका. माझी तलवारींची राणी म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. उगीच रागावल्या नाहीत कधी, पण चूक दिसली की सोडलीही नाही. राणीच्या एका हातात सरळ उभी तलवार आणि दुसरा हात पुढे केलेला. ‘ये, पण खरं सांग.’ हा पत्ता मी एकदाही विसरलेले नाही.

नावांचा घोळ

ही अडचण इंग्रजी पुस्तकांत लिहिलेली सापडणार नाही, कारण ती आपली आहे. आपण शिकतो इंग्रजी शब्दांतून आणि समोरचं माणूस विचारतं मराठीत. मग मनातल्या मनात भाषांतर सुरू होतं आणि तिथे पाय घसरतो. जस्टिस म्हणजे न्याय, मग जजमेंट म्हणजे काय? निकाल? पहिल्या पत्त्यावर तराजू आणि तलवार आहे, ते कोर्ट ठीक आहे. पण दुसऱ्यावर देवदूत कर्णा फुंकतोय आणि शवपेट्यांतून माणसं हात पसरून उठतायत. तिथे निकाल कुठेच नाही, तिथे हाक आहे. माझ्या वहीत त्या पत्त्याचं नाव ‘हाक’ असंच आहे.

टेंपरन्सला ‘संयम’ म्हटलं की उपास-तापास आठवतात. चित्रात मात्र देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात काहीतरी ओततोय, एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर. याला मी ‘बेताचं माप’ म्हणते. ज्यानं कुणी आमटीला चव आणलीय त्याला ते समजतं. स्ट्रेंग्थचं ‘बळ’ केलं तर पैलवान उभा राहतो. पत्त्यावरची बाई सिंहाच्या जबड्याला हलक्या हातानं धरून त्याच्यावर वाकलेली आहे. हे चुचकारणं आहे. तुम्ही माझे शब्द घेऊ नका. २२ मोठ्या पत्त्यांना बघून बघून आपली नावं द्या, बाकीचं आपोआप मागे येतं.

मात्र एका ठिकाणी उलटी काळजी घ्यायची. पत्त्यांवरची चित्रं ख्रिस्ती युरोपातल्या खुणांनी भरलेली आहेत, आणि त्या खुणांना आपला अर्थ लावला तर गोंधळ होतो. आपल्याला चंद्र म्हणजे चांदोमामा, कोजागरीचं आटीव दूध. टॅरोमधला चंद्र संशयाचा आहे: खाली कुत्रा आणि लांडगा भुंकतायत, पाण्यातून खेकड्यासारखा प्राणी वर येतोय, वाट अंधुक आहे. रात्री दोरी सापासारखी दिसते, तसला हा उजेड. लव्हर्सच्या पत्त्यावरचा झाडाला वेटोळं घातलेला साप नागपंचमीचा नाही, तो आदम आणि हव्वेच्या गोष्टीतला मोहात पाडणारा साप आहे. अशा दहा-बारा खुणांची मूळ गोष्ट एकदा नीट वाचून घ्या. नंतर तुमच्या मनात आपला चंद्र आला तर येऊ द्या, पण कुठला चंद्र कुठून आला ते माहीत असू द्या.

तीन मिनिटं, पुस्तक बंद

हा सराव सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश सांगते. रोज सकाळी एक पत्ता. घड्याळ लावून तीन मिनिटं नुसतं बघायचं. अर्थ शोधायचा नाही. चित्रात काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं, लहान मुलाला गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र दाखवताना म्हणतो तसं. माणसं किती? तोंड कुणीकडे? हातात काय? पायाखाली काय? मागे काय? आकाश कसं आहे?

पेल्यांची पंजी घेऊ. पुस्तिकेत लिहिलेलं असतं: दुःख, नुकसान, पश्चात्ताप. आता चित्राकडे चला. माणूस एकटा, काळा झगा, मान खाली. पुढ्यात तीन पेले आडवे पडलेत. मागे दोन पेले उभे आहेत, आणि ते त्याला दिसत नाहीत, कारण त्याची पाठ तिकडे आहे. समोर नदी. नदीवर पूल. पलीकडे एक वास्तू, घर म्हणा, गढी म्हणा. म्हणजे वाट आहे, पण मान वर केल्याशिवाय ती दिसणार नाही. तीन गेले, दोन आहेत. इतकं बघून झाल्यावर ‘नुकसान’ हा एकच शब्द किती अपुरा वाटतो! आणि तीन बायकांनी हा पत्ता काढला तर एकीला तुम्ही उभ्या पेल्यांबद्दल विचाराल, दुसरीला पुलाबद्दल, तिसरीला म्हणाल की अजून थोडा वेळ रडून घे, पूल कुठे जात नाही.

तीन मिनिटांनंतर वहीत तीनच ओळी लिहा. पुस्तिका त्यानंतर उघडा, आणि तिच्यात काही नवं मिळालं तर वेगळ्या रंगाच्या शाईनं खाली जोडा. रात्री झोपताना पाचवी ओळ: दिवस प्रत्यक्षात कसा गेला. पत्त्याशी काही जुळलं नसेल तर तेही स्पष्ट लिहा, ‘जुळलं नाही’. आपलं मन फक्त जुळलेलं लक्षात ठेवतं, म्हणून वही प्रामाणिक हवी.

प्रश्न कसा विचारायचा

कोकणात, गोव्यात देवळात कौल लावतात. मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न सरळ आणि उत्तरही सरळ. नवशिके टॅरोला हाच कौल मागतात. ‘लग्न होईल का?’ ‘नोकरी मिळेल का?’ आणि समोर येतो नाण्यांचा घोडेस्वार. होय की नाही? काहीच कळत नाही, मग आणखी एक पत्ता काढतात, मग आणखी एक, आणि पाच मिनिटांत निम्मा कॅट जमिनीवर पसरलेला.

चित्राला होय-नाही येत नाही. त्याला ‘काय’, ‘कसं’, ‘कुठे’ विचारा. ‘नोकरी मिळेल का’च्या ऐवजी ‘मुलाखतीच्या तयारीत माझं काय राहून जातंय?’ ‘तो माझ्याशी पुन्हा बोलेल का’च्या ऐवजी ‘तो बोलला नाही तर मी स्वतःला कसं सावरू?’ आता तोच घोडेस्वार चटकन बोलायला लागतो: घोडा उभा आहे, शेत नांगरलेलं आहे, घाई करू नकोस, रोजचं काम धर.

समोर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे, हे पत्त्यांना विचारू नका. ते त्याचं मन आहे आणि त्यानं परवानगी दिलेली नाही. शिवाय अशा प्रश्नाचं उत्तर आपण आपल्याच आशेनं किंवा भीतीनं भरतो.

एकदा पत्ता काढला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, जोवर परिस्थितीत खरोखर काही बदललेलं नाही. हा नियम पाळणं अवघड आहे, विशेषतः रात्री अकरानंतर. तेव्हा कॅट डब्यात घालून ठेवा.

तीन पत्ते जोडताना

एक पत्ता येतो, तीन समोर आले की जीभ टाळ्याला चिकटते. प्रत्येकाचा अर्थ वेगवेगळा सांगितला जातो आणि गोष्ट तयार होत नाही. यावर मला सापडलेला उपाय मराठी व्याकरणातला आहे: पत्त्यांच्या मध्ये उभयान्वयी अव्यय घाला. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’. कुठलं बसतं ते चित्रंच सांगतात.

एका मैत्रिणीचा प्रश्न होता, ‘नोकरी सोडून शिवणाचं काम सुरू करू का?’ आम्ही तो बदलून घेतला: ‘सुरू करण्याआधी मी काय बघायला हवं?’ पत्ते आले नाण्यांची अठ्ठी, तलवारींची दुर्री आणि नाण्यांची तिर्री. पहिल्यावर कारागीर बाकावर बसून मान खाली घालून नाणं कोरतोय. दुसऱ्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारींची फुली, मागे समुद्र. तिसऱ्यावर मठाच्या कमानीखाली एक पाथरवट काम करतोय आणि दोघं जण नकाशा घेऊन त्याच्याशी बोलतायत. मी म्हटलं, ‘हाताला काम येतं, पण एका गोष्टीकडे बघायचं तू टाळते आहेस, म्हणून एकटीनं सुरू करू नकोस, हिशेब आणि आखणी बघणारं कुणी बरोबर घे.’ ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, महिन्याला किती कपडे शिवले तर भाडं निघेल हे तिनं कधी मांडूनच पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनं मांडलं.

माणसं कुणीकडे बघतायत तेही तपासा. डावीकडचा पत्ता उजवीकडच्याकडे तोंड करून असेल तर ‘आणि’ बसतं, पाठमोरा असेल तर बहुतेक ‘पण’. केल्टिक क्रॉस ही दहा पत्त्यांची मांडणी सगळ्या पुस्तकांत असते आणि सगळे तिथूनच सुरुवात करतात. सहा महिने तिच्या वाटेला जाऊ नका. तीन पत्त्यांचं एक नीट वाक्य जमलं की मग जा.

घाबरवणारे पत्ते

डेथ, टॉवर, डेव्हिल, तलवारींची तिर्री, तलवारींची दश्शी. यांतला एक निघाला की नवशिक्याचा हात थांबतो. आधी साधं गणित बघा. रोज तीन पत्ते काढले तर एखादा ठरावीक पत्ता येण्याची शक्यता ७८ मध्ये ३, म्हणजे २६ मध्ये १. डेथचा पत्ता तुम्हाला सरासरी महिन्याला एकदा भेटणारच, आणि त्या महिन्यांत घरात कुणी दगावत नाही. ‘सारखा सारखा तोच पत्ता येतोय, काहीतरी संकेत आहे’ म्हणणाऱ्यांसाठीही हिशेब आहे. रोज एक पत्ता काढला तर अकरा दिवसांत एखादा तरी पत्ता पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पुन्हा आला तर त्याच्याकडे पुन्हा बघा, एवढंच. आणि मोठे पत्ते? साधारण साडेतीन पत्त्यांमागे एक मोठा असतो, त्यामुळे तीनात एखादा आला म्हणून आयुष्यात उलथापालथ होते आहे असं समजू नका.

मग चित्र. डेथच्या पत्त्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, हातातल्या निशाणावर पांढरं गुलाब. राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, आणि लहान मूल सांगाड्याकडे बघतंय, घाबरलेलं नाही. मागे दोन बुरुजांमधून सूर्य. काहीतरी संपलंय, आणि राजा असो की मूल, कुणाला ते थांबवता आलेलं नाही. तलवारींच्या दश्शीत पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी आहेत, पण क्षितिजावर पिवळा उजेड आहे. हे पत्ते गोड करून सांगू नका, दुःख आहे तिथे दुःखच म्हणा. फक्त चित्रात आहे तेवढंच म्हणा.

हे मी चूक करून शिकले. शिकायला लागून चार महिने झाले असतील. शेजारच्या काकूंनी हौसेनं पत्ता काढायला सांगितला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तलवारींची तिर्री निघाली. लाल हृदय, त्यातून आरपार तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. मी पाठ केलेलं तोंडातून गेलं: ‘हृदयभंग.’ काकू हसल्या, चहा दिला, आणि त्या रात्री झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीनं सांगितलं तेव्हा मला स्वतःचा संताप आला. माफी मागायला गेले आणि या खेपेला तोच पत्ता पुढे ठेवून फक्त विचारलं, ‘काकू, यात माणूस कुणीच नाही, नुसतं मन आणि पाऊस. तुमच्या मनाला काही टोचतंय का?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात जाणार होती, आणि लग्नघरात हे बोलायचं कुणाजवळ? त्या दुपारी त्या तासभर बोलल्या. स्थळात काहीच खोट नव्हती.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी

उलटे पत्ते: पहिले सहा महिने उलटा आलेला पत्ता सरळ करून घ्या. ७८ च एवढे आहेत, त्यांचे १५६ करून घेण्याची घाई नको.

पिसणं: टॅरोचा पत्ता साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा लांब असतो. रमीचा कॅट पिसतो तसा तो हातात मावत नाही, आणि जोर केला तर कडा फाटतात. चादरीवर सगळे पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवा आणि मग गोळा करा. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. रेशमी कापड, स्फटिक, धूप आवडत असेल तर वापरा, नसेल तर काही बिघडत नाही.

स्वतःसाठी वाचणं: आपल्याच प्रश्नावर नजर स्वच्छ राहत नाही. प्रश्न एखाद्या मैत्रिणीनं विचारलाय असं समजून उत्तर लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्यानं वाचा.

दुसऱ्यासाठी पत्ते काढताना

वर्षभर वही भरल्यावर लोक विचारायला येतील. आधी घरातल्यांसाठी काढा, आणि सुरुवातीलाच सांगा की तुम्ही शिकताय. पत्ता समजला नाही तर ‘हा पत्ता मला आत्ता उलगडत नाहीये, तुम्हाला यात काय दिसतं?’ असं विचारा. बहुतेक वेळा समोरचं माणूस तुमच्यापेक्षा अचूक बघतं, कारण प्रश्न त्याचा आहे.

आजारपण, गर्भातलं बाळ, मृत्यू, कोर्टातला दावा, कर्ज यांवर पत्ते काढू नका. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवा, आणि शक्य असेल तर सोबत जा. उपाय, तोडगे, बाधा उतरवणं यांच्या वाटेला तर जाऊच नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं त्याखाली गुन्हा आहे. कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून पैसे घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडून पोळून आलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी तेच तेच विचारायला दर आठवड्याला येऊ लागलं तर पत्ते बाजूला ठेवून नुसता चहा करा आणि ऐका.

पत्ते गप्प होतात तेव्हा

साधारण आठव्या-नवव्या महिन्यात असे दिवस येतात. पत्ता काढला की तीच तीन वाक्यं सुचतात, नवं काही नाही. बहुतेक जण इथे दुसरा कॅट विकत घेतात. घेऊ नका. आवडीचा पत्ता काढा, खिडकीजवळ उजेडात धरा, आणि या वेळी माणसाकडे न बघता कडेकडेनं बघत जा: तळाशी, कोपऱ्यांत, झाडांच्या बुंध्याशी.

नाण्यांची नव्वी माझ्या आवडीची. द्राक्षांचा मळा, झुळझुळीत झगा घातलेली एकटी, निवांत बाई, हातावर ससाणा. हा पत्ता मी चार वर्षं लोकांना समजावून सांगत होते. मग एका दुपारी भिंगानं बघताना डावीकडे खाली, तिच्या झग्यापुढच्या जमिनीवर, एक गोगलगाय दिसली. आपलं घर पाठीवर घेऊन सावकाश चाललेली. तेवढी तारीख मी वहीत लाल शाईनं लिहिली आहे.